त्याच पैशात मोठी एसयूव्ही आली असती, तरी इलेक्ट्रिक सेडान का?

तुम्ही विचारलंय की सत्तर लाखांत दणकट एसयूव्ही येत असताना माणूस बुटकी इलेक्ट्रिक सेडान घेतो आणि वर तिचं कौतुक करत फिरतो ते का. माझ्याकडं बीएमडब्ल्यू आय४ आहे, दोन वर्षं झाली, म्हणून सांगतो.

माझी कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत फाउंड्री, म्हणजे लोखंड ओतायचा कारखाना, आहे. फाउंड्रीत कधी गेला असाल तर कळेल, फेटलिंगचे, म्हणजे ओतीव मालाच्या कडा घासायचे ग्राइंडर, कॉम्प्रेसर, सकाळी आठपासून कान नुसते किटतात, संध्याकाळी घरी बायको हळू बोलली तर मी दोनदा "आं?" करतो. आधीची डिझेल गाडी वाईट नव्हती, पण तिथनं सुटून परत इंजिनाचीच घरघर ऐकत यायचं. आता दार लावलं की संपलं. घरापर्यंत रेडिओ पण लावत नाही. खरं कारण हे एवढंच, बाकीची मित्रांना सांगायची.

ती पण सांगतो. आमच्या इंडक्शन फर्नेसला एक टन लोखंड वितळवायला साधारण ६०० युनिट लागतात, ही गाडी पूर्ण भरायला नव्वदच्या आसपास, त्यामुळं लाईट बिलाची भीती मला कुणी घालू नये. थ्री फेजवर ११ किलोवॅटचा चार्जर बसवलाय, रात्री जेवून लावायची, सकाळी फुल्ल. पंपावर आता फक्त हवा भरायला जातो. कागदावर रेंज ५९० किलोमीटर आहे, माझ्या पायाला ४४० मिळते, चूक पायाचीच. पुण्याला जाऊन येताना मध्ये एकदा चार्जिंगला थांबावं लागतं, तेवढ्यात मिसळ होते, अर्थात कोल्हापूरसारखी नाही.

पिकअपचं काय सांगू. ३४० हॉर्सपॉवर वगैरे ठीक आहे, पण साखर कारखाने सुरू झाले की गगनबावडा रोडला दोन-दोन ट्रॉल्यांचे उसाचे ट्रॅक्टर, मागं ना लाईट ना रिफ्लेक्टर, वर गाणी फुल्ल, तिथं ओव्हरटेकला गिअर पडायची वाट बघावी लागत नाही ह्याची किंमत त्या रोडला रोज जाणाऱ्यालाच कळते.

गेल्या पावसाळ्यात आम्ही दोघं नवरा-बायको कोकणात जाणारा करूळ घाट उतरत होतो. ॲक्सिलरेटर सोडला की मोटरच जनरेटर होते आणि गाडी आपोआप धरते, ब्रेकला पायच लागत नव्हता, वर बॅटरी ६३ टक्के होती ती खाली वैभववाडीला ६५ झाली. धुकं होतं, काच खाली घेतलेली, आणि कुणीतरी शीळ घालत होतं. मी म्हटलं पोरं असतील दरीकडं. बायको म्हणाली, "अहो, पक्षी आहे तो, शीळकरी कस्तूर." बावीस वर्षं त्या घाटातनं जातोय, पहिल्यांदा ऐकला.

आता एसयूव्हीचं. माझी ही गाडी खालनं १२५ मिलिमीटरच वर आहे आणि आमच्या गल्लीच्या तोंडाला कुणीतरी स्वतःच्या हौसेनं स्पीडब्रेकर घातलाय, तो मी तिरका, बैलगाडीच्या वेगानं चढवतो, पोरं थांबून बघतात. शेताकडं ही नेतच नाही. त्यासाठी जुनी डिझेल ठेवलीय, ती विकणार पण नाही.