कामाच्या गडबडीत मधे थांबून डोकं शांत ठेवणं खरंच जमतं का?

तुम्ही विचारलंय की थांबायला वेळच कुठाय, तर वेळ लागतच नाही ओ. मी सांगलीत मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर हिशेब बघतो, सौदे सुटले की फोन वाजतोय, समोर शेतकरी पट्टीसाठी, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या कागदासाठी, उभा आणि मागनं मालकाची हाक. तेव्हा फोनच्या दोन रिंगा जाऊ द्यायच्या, 4 मोजत श्वास घ्यायचा, 6 मोजत सोडायचा. सोडताना लांबवला की हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून हे लागू पडतं. डोळेबिळे मिटू नका, मालक म्हणंल झोपलास काय. पट्टीवर सही करायच्या आधी पण खांदे सैल सोडून आकडा परत वाचायचा. आणि चहाला जाताना मोबाईल ड्रॉवरमधे, नाहीतर त्याला ब्रेक कशाला म्हणायचं.