पुण्याजवळ कसावा लावला तर खर्च किती येतो आणि हातात काय उरतं?

तुमचा प्रश्न असा आहे: शिरूरजवळ दीड एकर जमीन आहे, विहिरीला पाणी आहे. कसाव्यातून, म्हणजे साबुदाणा ज्याचा होतो त्या कंदातून, एकरी दोन-तीन लाख सुटतात असं एका व्हिडिओत ऐकलंत, तर छोट्या शेतकऱ्याला ते परवडेल का?

दहा-पंधरा गुंठ्यांत परवडतो. दीड एकर सगळीच्या सगळी लावू नका. हे पीक आपल्याकडे येत नाही असं अजिबात नाही, पण आपल्या भागात त्याचा नफा उत्पादनावर ठरत नाही, गिऱ्हाईक किती जवळ आहे यावर ठरतो. मी खेड तालुक्यात कांदा-बटाट्याच्या जोडीला थोडा कसावा करतो आणि देहूरोड, निगडी, खडकी भागातल्या केरळी दुकानांत विकतो. खालचे मजुरीचे आणि विक्रीचे आकडे आमच्याकडचे आहेत, तुमच्याकडे थोडे इकडे-तिकडे होतील.

आधी खर्च, एका एकराचा. तीन फूट बाय तीन फूट अंतर धरलं तर एकरात साधारण ४,९०० झाडं बसतात. नांगरट, रोटर आणि सऱ्या पाडायला आठ-नऊ हजार. शेणखत पाच टन तरी हवं, ते दहा-अकरा हजारांच्या खाली येत नाही. बेणं म्हणजे उसासारख्याच कांड्या, वीत-दीड वीत लांबीच्या. पहिल्या वर्षी त्या बाहेरून आणाव्या लागतात आणि वाहतुकीसकट कांडीला दोन रुपये पडतात, म्हणजे दहा हजार. लागणीची मजुरी अडीच हजार. रासायनिक खत फार लागत नाही, एकरी ४० किलो नत्र, २० किलो स्फुरद, ४० किलो पालाश. त्याचे चार हजार धरा, पण पालाशात काटकसर करू नका, कंद पोसतो तो त्याच्यावर.

पहिले तीन महिने झाडं जमीन झाकत नाहीत, त्यामुळे दोन-तीन खुरपण्या अटळ. दहा हजार तिथे जातात. फवारणीला तीन हजार, ठिबक असेल तर त्याच्या डागडुजीला तेवढेच, रानडुकरांसाठी झटक्याच्या तारेला पाच हजार. ठिबक नसेल तर तो खर्च वेगळा आणि मोठा आहे, तो या पिकाच्या जिवावर करू नका.

राहिली काढणी, आणि छोट्या शेतकऱ्याचं कंबरडं मोडतं ते इथेच. कंद दीड-दोन फूट पसरलेले असतात, खोडाला धरून हलवत उपसावे लागतात, आणि जमीन कडक झाली की कुदळ लागते. एक गडी दिवसाला चारशे-साडेचारशे किलो काढतो. आमच्याकडे चाकणच्या कंपन्यांमुळे गडी सहाशेच्या खाली येत नाही, आणि शिरूरला रांजणगावच्या एमआयडीसीमुळे तुमची गत वेगळी नसेल. दहा टन काढायचे तर पंचवीस हजेऱ्या, म्हणजे पंधरा हजार. निवडणं, पोती, भराई यांचे चार-पाच हजार. सगळं धरून एकरी ७५ ते ८० हजार होतात. यात जमिनीचा खंड नाही आणि तुमची स्वतःची मेहनतही नाही. दुसऱ्या वर्षी बेणं घरचं, एका झाडाच्या खोडातून आठ-दहा कांड्या निघतात, तेव्हा तो दहा हजारांचा खर्च वाचतो.

एक खर्च मात्र कागदावर कुणीच लिहीत नाही. हे पीक जमीन नऊ-दहा महिने अडवून ठेवतं. तेवढ्या काळात तुमच्या विहिरीच्या पाण्यावर कांदा आणि वर एखादं भाजीचं पीक निघालं असतं. म्हणून तुलना रिकाम्या रानाशी करू नका, त्या दोन पिकांशी करा.

आता उत्पन्न. दोन-तीन लाखांचा आकडा गाठायला एकरी वीस टन माल आणि किलोला पंधरा रुपये दर, दोन्ही एकाच वेळी धरावे लागतात. तमिळनाडूतले सेलम, नामक्कल, धर्मपुरीकडचे पाण्याखालचे चांगले शेतकरी एकरी चौदा-सोळा टन काढतात, आणि तिथे हे पीक पिढ्यानपिढ्या आहे. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत रात्री दहा-बारा अंशांपर्यंत उतरतात, तेव्हा हे झाड जवळजवळ थबकतं. त्यामुळे आपण एकरी दहा टन धरावेत, झाडामागे दोन-सव्वादोन किलो. जमीन तांबडी, मुरमाड, निचऱ्याची असली तरच एवढे. भीमा-घोडच्या काठाची काळी, पाणी धरून ठेवणारी जमीन असेल तर पावसाळ्यातच कंद कुजतात. तिथे हा विषय सोडून द्या.

दहा टन निघाले तर विकायचे कुणाला? साबुदाण्याचे कारखाने सेलमच्या परिसरात एकवटलेत. दुसऱ्या महायुद्धात मलाया-सिंगापूरकडून येणारा साबुदाणा बंद पडला, तेव्हा १९४३ च्या सुमारास तिथे हा धंदा उभा राहिला. १९८१ मध्ये कारखानदारांची सागोसर्व्ह ही सहकारी संस्था झाली, आणि २०२३ मध्ये सेलमच्या साबुदाण्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. एकादशीला आणि श्रावणात सबंध महाराष्ट्र साबुदाण्याची खिचडी खातो, म्हणून इथेच पिकवावा असं वाटणं साहजिक आहे. पण आपल्याला लागतो तो दाणा, आणि शेतात निघतो तो कंद. या दोघांमध्ये पुण्यापासून सुमारे हजार किलोमीटरचं अंतर आहे.

कंद उपटला की दोन-तीन दिवसांत आतून निळसर-काळ्या रेषा धरतो. तिकडे दर नुसत्या वजनावर मिळत नाही, नमुना तोलून स्टार्चचे पॉइंट काढतात आणि त्यावर भाव ठरतो. वाटेत शिळा झालेला माल पॉइंटातच मार खातो. कंदाचा भाव गेल्या काही वर्षांत टनाला पाच-सहा हजारांपासून दहा-बारा हजारांपर्यंत वरखाली झालाय. तुमच्या एकराच्या दहा टनांसाठी वेगळी गाडी केली तर किलोला चार रुपये भाडं पकडा. भाव आठ रुपये असेल तर तुमच्या हातात चार, म्हणजे चाळीस हजार, आणि खर्च झालाय पंच्याहत्तर. भाव बारा असला तर ऐंशी हजार येतात, म्हणजे खर्च जेमतेम निघतो. तेजीच्या वर्षात बरोबरी आणि मंदीच्या वर्षात निम्मा तोटा, असा हा सौदा आहे.

मग साबुदाणा घरीच करावा, असं पुढचं गणित बरेच जण मांडतात. साधारण पाच किलो कंदातून एक किलो साबुदाणा निघतो. दहा टनांचे दोन टन झाले. किराणा दुकानात साबुदाणा साठ-सत्तर रुपयांना मिळतो, तो ठोकने गेला तर त्याहून बराच खाली. सोलणं, किसणं, स्टार्च निवळायला भरपूर स्वच्छ पाणी आणि टाक्या, गोळी पाडणं, भाजणं, वाळवणं, हे सगळं त्या फरकात बसवायचं. एका एकरासाठी ते बसत नाही. इथेनॉलचंही कुणी तरी सांगेल. २०१८ च्या राष्ट्रीय जैवइंधन धोरणात कसाव्याचं नाव आहे हे खरं. पण आपल्या जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांच्या आसवन्या मळी आणि उसाच्या रसावर चालतात. स्टार्चची आधी साखर करावी लागते, त्यासाठी दळण आणि एन्झाइमची वेगळी यंत्रणा लागते. शेजारच्या कारखान्याने कसावा घेण्याचं लेखी दिल्याशिवाय त्या भरवशावर एक कांडीही लावू नका.

आता जिथे पैसे आहेत तिकडे येतो. पिंपरी-चिंचवड, देहूरोड, खडकी या पट्ट्यात केरळी कुटुंबं पुष्कळ आहेत आणि त्यांच्या घरी हा कंद, त्यांची कप्पा, नेहमीचं अन्न आहे. मासळीच्या कालवणाबरोबर उकडून खातात. दुकानांत बराच माल केरळातून येतो, दोन-तीन दिवसांचा प्रवास करून. तुम्ही सकाळी काढलेला कंद दुपारी त्यांच्या दारात ठेवला तर दुकानदार किलोला पंचवीस ते तीस रुपये आनंदाने देतो, कारण त्याची नासाडी वाचते. पण एक दुकान आठवड्याला वीस-तीस किलोच घेतं, सणाच्या आसपास जास्त. सात-आठ दुकानं धरली तर महिन्याला सात-आठशे किलो. या आकड्यावरून मागे या आणि क्षेत्र ठरवा.

दहा गुंठ्यांत बाराशे झाडं, अडीच टन कंद. कापलेले, उंदरांनी कुरतडलेले, फार बारीक असे पंधरा टक्के वजा केले तर एकवीसशे किलो विकायला उरतात. सत्तावीसच्या सरासरीने ५६-५७ हजार रुपये. खर्च वीस हजार आणि दुकानांपर्यंत पोचवायला टेम्पो-पेट्रोलचे चार-पाच हजार. तीस हजारांच्या आसपास उरतात, दहा गुंठ्यांत. हे या पिकाचं खरं बळ आहे आणि मला ते मनापासून आवडतं: कंद जमिनीत थांबतो. बटाट्यासारखी एकदम काढणीची घाई नाही, शीतगृह नाही. ऑर्डर आली की तेवढीच झाडं उपटायची, बाकीची उभी. तीन महिने हप्त्याहप्त्याने पैसे येत राहतात आणि काढणी घरच्या माणसांत होते, त्यामुळे हजेरीचा मोठा बोजाही टळतो. फार उशीर मात्र करू नका. बारा महिन्यांपुढे कंद दोरकट होतो, नीट शिजत नाही, आणि न शिजलेल्या एका कंदाने दुकानदार तुटतो.

म्हणूनच वाण खाण्याचा घ्या. तिरुवनंतपुरमजवळ श्रीकार्यम इथे केंद्रीय कंद पीक संशोधन संस्था आहे, १९६३ पासूनची. त्यांचे श्री विजया, श्री जया हे सहा-सात महिन्यांत तयार होणारे आणि चांगले शिजणारे वाण आहेत. जमीन लवकर मोकळी होते हा आपल्यासाठी मोठाच फायदा. एच-२२६ आणि एच-१६५ हे कारखान्यासाठी लावतात, कुणी स्वस्तात देतो म्हणून ते घेऊ नका. मोझॅक रोग बेण्यातूनच शेतात येतो आणि पांढरी माशी तो पसरवते. पानं वेडीवाकडी, पिवळट चट्ट्यांची दिसली तर त्या झाडाची कांडी कितीही जाड असली तरी फेकायची. श्री रक्षा, श्री शक्ती, श्री सुवर्णा हे वाण मोझॅकला प्रतिकारक आहेत. दुसरा शत्रू पिठ्या ढेकूण. कसाव्यावरची त्याची परदेशी जात भारतात २०२० मध्ये केरळात त्रिशूरला सापडली आणि तमिळनाडूत पसरून तिने मोठं नुकसान केलं. पुढे आफ्रिकेतल्या बेनिनमधून तिच्यावर जगणारी एक इवलीशी गांधीलमाशी आणून शेतांत सोडली, तेव्हा आटोक्यात आली. त्यामुळे बाहेरून आलेलं बेणं तपासल्याशिवाय रानात नेऊ नका.

आणखी दोन गोष्टी पैशाच्या नाहीत, जिवाच्या आहेत. कसाव्याच्या पानांत आणि सालीत सायनाइड तयार करणारं द्रव्य असतं, कडू वाणांच्या गरातही. हिरवा पाला जनावरांपुढे टाकू नका, आणि शेळ्या त्या शेतात मोकळ्या सोडू नका. घरी खाताना जाड साल काढून, तुकडे भरपूर पाण्यात उकडून ते पाणी ओतून द्यायचं. केरळी माणसाला हे सांगावं लागत नाही. पण शेजाऱ्यांना चवीला म्हणून कंद द्याल तेव्हा त्यांना हे सांगितल्याशिवाय देऊ नका. मी एकाही घरात ते न सांगता देत नाही.

तुमच्या दीड एकरात मी असं करीन: बारा गुंठे कसावा, बाकी तुमचं नेहमीचं. जूनची लागण असेल तर दोन ओळींच्या मध्ये भुईमूग घ्या. पहिले तीन महिने ती जागा मोकळीच असते, आणि भुईमुगातून खुरपणीचा खर्च निघतो. पाटाने पाणी देत असाल तर दिवाळीनंतर दर दहा-बारा दिवसांनी एक पाळी पुरते, हलक्या रानात थोडी लवकर.

लागणीच्या आधी एक काम करा. सेलमचा माल म्हणून नव्हे, खायचा कंद म्हणून दुकानं फिरा. तुम्हाला शिरूरहून पिंपरी लांब पडेल, पण नगर रस्त्याने येताना वाघोली, खराडी, विमाननगरकडेही दक्षिणेकडची माणसं भरपूर आहेत. आठवड्याला किती किलो घेणार, कोणत्या वारी, पैसे रोख की महिन्याने, हे विचारून वहीत लिहा. महिन्याला पाचशे किलोची बेरीज होत नसेल तर पाच गुंठेच लावा. आणि बेण्याची ऑर्डर एप्रिलमध्येच द्या, कारण चांगल्या शेतकऱ्याकडचं बेणं मे संपेपर्यंत शिल्लक राहत नाही.