घरची बिलं, तारखा, हिशोब ठेवायला नोट्स ॲप वापरावं की वहीच बरी? आणि एव्हरनोटमधल्या माझ्या जुन्या नोंदींचं काय करू?

ॲप वापरा. वही बरी म्हणणाऱ्यांनी आधी एवढंच सांगावं की मागच्या वर्षीची वही शेवटची कधी उघडली, काय शोधायला उघडली आणि ते सापडलं का. मग बोलू.

चिडून लिहितोय असं वाटत असेल तर बरोबर वाटतंय. आमच्या घरात हा वाद जुना आहे. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग, थोरला भाऊ आणि मी मिळून बघतो. दादाचं सगळं वहीत. ती वही ट्रॅक्टरच्या टूलबॉक्समध्ये, पान्यांच्या शेजारी. बोर्डो (मोरचूद-चुन्याचं औषध) करताना मोरचूद कालवलेल्या हातानंच तो पान उलटतो, त्यामुळं कडा निळ्या पडलेल्या आणि जेल पेनची शाई फुटलेली. एवढं करून आत नोंद काय? "मळईत औषध मारलं." मळई म्हणजे बागेचा एक तुकडा. कुठलं, किती, कधी, ते दादाच्या डोक्यात.

माझी नोंद अशी: "मळई, छाटणी १२ ऑक्टोबर, दिवस ३८. डावणी. मँकोझेब. ६०० लिटरची एक टाकी, संध्याकाळी. पहाटे दव जास्त." डावणी म्हणजे द्राक्षावरचा बुरशीचा रोग, मँकोझेब त्यावरचं औषध. खाली पुड्याचा आणि बिलाचा फोटो. हे बांधावरच, फवारणीचा ब्लोअर धुवायच्या आत. घरी जाऊन निवांत लिहू म्हटलं की ते राहिलंच. दादा यावर म्हणायचा, "मोबाईलात लिहून काय घड जास्त भरतात का?" पाहुण्यारावळ्यांसमोर म्हणायचा. मी गप्प बसायचो.

मग एका पाडव्याला उधारी मिटवायला गेलो. आमचं खातं ज्या कृषी सेवा केंद्रात आहे (नाव नको, अजूनही तिथूनच माल घेतो), त्यानं हंगामाचा छापील उतारा पुढं ठेवला. त्यात २४ जानेवारीला मँकोझेबचे पुडे आणि सोबत आणखी दोन औषधं, मिळून साडेअकरा हजार. मी म्हटलं हे आमचं नव्हे. तो म्हणाला, "दादांनीच नेलं की." मी दादाकडं बघितलं. दादा म्हणाला, "नेलं असंल."

नेलं असंल! साडेअकरा हजाराला नेलं असंल!

मी फोन काढला आणि "मँकोझेब" एवढंच शोधलं. मळईच्या नोंदी एकाखाली एक आल्या. २४ जानेवारी म्हणजे छाटणीपासून १०४ वा दिवस. माल उतरायला आलेला, मण्यात गोडी भरत होती, व्यापारी बाग बघून गेलेला. त्या वेळी मँकोझेब मारलं तर पीएचआय, म्हणजे शेवटची फवारणी आणि तोडणी यांत ठेवायचं अंतर, बसेल कसा? रेसिड्यूमध्ये, म्हणजे औषधाच्या उरलेल्या अंशाच्या तपासणीत, माल सापडला असता तर कोण उभं राहणार होतं? त्या आठवड्यातल्या आमच्या नोंदीत फक्त पाण्याच्या पाळ्या होत्या आणि खरेदी शून्य. दुकानदारानं चष्मा वर करून स्क्रीन बघितली, मग स्वतःची बिलबुकं काढली. दुसऱ्या गावच्या, आमच्याच आडनावाच्या माणसाचं बिल आमच्या खात्यावर चढलं होतं. त्यानं ते खोडलं, चहा पाजला.

येताना दादा गाडीत काय म्हणाला? "वही भिजली नसती तर वहीतपण सापडलं असतं." नसतं सापडलं, दादा. वहीत तारीखच नव्हती. कोरडी असती तरी नसतं सापडलं.

असो. तुमचा प्रश्न.

कोणतं ॲप, यावर लोक जेवढं डोकं लावतात तेवढं नोंदी करायला लावत नाहीत. माझ्या पुण्याच्या भाच्यानं नोशन नावाच्या ॲपमध्ये असा काही थाट मांडला होता की बघत राहावं. रंगीत तक्ते, प्रत्येक खोलीचं वेगळं पान, किराण्याचा डॅशबोर्ड. दिवाळीत विचारलं तर गॅस कधी लावला तेवढं सांगता येईना. त्यातून नोशन बरीच वर्षं रेंजशिवाय धड चालत नव्हतं आणि आमच्या मळ्यात रेंज विहिरीच्या कठड्यावर चढल्यावर येते. मी गूगल कीप वापरतो. फोनवर रेंज नसतानाही लिहिता येतं, नंतर आपोआप चढतं, घरच्यांना नोंद शेअर करता येते. फार लांबलचक लिहायचं असेल तर ते पुरं पडत नाही, मग वननोट बघा. आपल्या फायली आपल्याच मशीनवर साध्या मजकुरात हव्या असतील तर ऑब्सिडियन. पण घरच्या बिलांना एवढं लागत नाही.

खरी गोम शब्दांत आहे. एकदा देवनागरीत "फवारणी", एकदा रोमन अक्षरांत, एकदा नुसतं "स्प्रे" असं लिहिलंत तर शोधताना तिन्ही वेगळे शब्द होतात. एक ठरवा आणि तोच वापरा. नुसता फोटो टाकून सोडू नका. छापील इंग्रजी मजकूर ॲप बऱ्यापैकी वाचतं, पण दुकानदारानं खरडलेलं मराठी बिल शोधात येईल या भरवशावर राहू नका. फोटोखाली दोन शब्द टंका: "फ्रिज बिल", "ट्रॅक्टर विमा". बोलून लिहायची सोय चांगली आहे, पण औषधांची नावं आणि आकडे त्यात हमखास चुकतात, ते हातानं तपासा.

आमच्या घरी सगळ्यात जास्त उघडली जाणारी नोंद बागेची नाहीच, आण्णांच्या गोळ्यांची आहे. स्ट्रिपचे फोटो आणि खाली सकाळ, दुपार, रात्र. मिरजेला डॉक्टर विचारतात, "सध्या काय चालू आहे?" तेव्हा "ती पांढरी, अर्धी" असं सांगायची वेळ येत नाही. ही नोंद वहिनीनं केलीय आणि आम्हा सगळ्यांना शेअर केलीय. दादालासुद्धा. गोळ्यांचं तो मोबाईलात बघतो, बागेचं म्हटलं की त्याला वही आठवते. वीजबिलाचा १२ आकडी ग्राहक क्रमांकही तो आता मला फोन करून विचारत नाही, तिथंच बघतो. मग वादाला उरलं काय?

काही गोष्टी मात्र नोंदीत नकोत. एटीएमचा पिन, बँकेचे पासवर्ड, आधारचा फोटो. कीपमध्ये एखाद्या नोंदीला वेगळं कुलूप लावता येत नाही, आणि फोन घरात पोरांच्या हातात असतोच. शिवाय खातं दोन वर्षं कुणी उघडलंच नाही तर गूगल ते आतल्या सामानासकट काढून टाकू शकतं, म्हणून आण्णांच्या नावानं खातं काढून विसरून जाऊ नका. आणि सात-बारा, खरेदीखत, विम्याची मूळ कागदं कपाटातच ठेवा, फोटो हा पुरावा नव्हे. यात दादाचं बरोबर आहे, तेवढं मान्य.

एव्हरनोटचं. डिसेंबर २०२३ पासून त्यांच्या फुकट खात्यात ५० नोंदी आणि एकच नोटबुक राहतं. त्याहून जास्त असतील तर जुन्या दिसतात, पण नवी करता येत नाही. म्हणजे पैसे भरा नाहीतर हलवा. हलवायचं असेल तर संगणकावर एव्हरनोटचं ॲप टाका आणि एकेक नोटबुक एनेक्स (.enex) फाईल म्हणून एक्स्पोर्ट करा. ती फाईल जॉप्लिन (हेही नोट्स ॲपच) आणि ऑब्सिडियन दोन्ही घेतात, कीप घेत नाही. कीपमध्येच यायचं असेल तर लागणाऱ्या दहा-वीस नोंदी हातानं उतरवा आणि बाकीच्या फाईली पेनड्राइव्हवर टाकून ठेवा. खातं बंद करायच्या आधी एखादी फाईल उघडून फोटो आलेत का ते बघा.