२१ ऑक्टोबरची मानवंदना गावात द्यायची तर

प्रश्न : माझे काका सहायक फौजदार म्हणून निवृत्त झाले. ड्युटीवर प्राण गेलेल्या तालुक्यातल्या पोलिसांसाठी २१ ऑक्टोबरला शाळेच्या पटांगणात मानवंदना द्यायची आणि नावांचा फलक बसवायचा, असं त्यांनी मनावर घेतलंय. काय पथ्यं पाळावीत? त्यांनी गणवेश घालावा का?

उत्तर : २१ ऑक्टोबर १९५९ ला लडाखमधल्या हॉट स्प्रिंग्ज इथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात दहा पोलीस जवान कामी आले, म्हणून हा दिवस पोलीस स्मृतिदिन. त्या सकाळी जिल्हा मुख्यालयातही परेड असते आणि बिगुलर, म्हणजे बिगूल वाजवणारा, तिथेच गुंतलेला असतो. कार्यक्रम दुपारनंतर ठेवा, पोलीस अधीक्षकांकडे महिनाभर आधी अर्ज द्या. बिगुलर नाहीच मिळाला तर ध्वनिमुद्रण चालेल, पण पेनड्राइव्हवर. स्पीकर मोबाइलला जोडला की नेमका त्याच वेळी कुणाचा तरी फोन येतो.

आधी नावं वाचा, मग पुष्पचक्र, ‘लास्ट पोस्ट’ ही बिगुलाची शोकधून, दोन मिनिटं स्तब्धता आणि शेवटी ‘राऊज’ ही स्तब्धता संपवणारी धून. शोकशस्त्र, म्हणजे रायफल उलटी धरून दिलेली मानवंदना, रायफलधारी तुकडीनेच करायचं. तुकडी नसेल तर सगळे नुसते सावधान. स्तब्धतेत घड्याळ एकाच्याच हाती द्या, नाहीतर अर्ध्या मिनिटातच चुळबुळ सुरू होते. मुख्य परेडला १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट या वर्षातली देशभरची नावं वाचतात. गावात तालुक्यातली पुरेत.

चुका होतात त्या फलकात, आणि दगडावरची चूक पुसता येत नाही. हुद्दा घटनेच्या दिवशीचा लिहा. तुकाराम ओंबळे आधी लष्करात होते, पण गिरगाव चौपाटीवर कसाबची रायफल धरली तेव्हा पोलिसांत सहायक उपनिरीक्षक होते. तारीखही तपासा : हल्ला २६/११ चा म्हणतात, पण चौपाटीवरची ती नाकाबंदी मध्यरात्र उलटल्यावरची, म्हणजे २७ ची. जखमी होऊन पुढे दवाखान्यात प्राण गेलेल्यांच्या तर दोन तारखा असतात, घटनेची आणि मृत्यूची. कोरण्याआधी मजकूर सेवापुस्तकाशी ताडा आणि घरच्यांची सही घ्या. आडनावातला ऱ्हस्व-दीर्घ त्यांनाच ठाऊक. आणि अनावरणाला फलक तिरंग्याने झाकू नका, ध्वजसंहितेत त्याला मनाई आहे. साधं पांढरं कापड घ्या.

गणवेश मात्र नको, तो सेवेतल्यांचा. काकांनी बंद गळ्याचा कोट घालून मिळालेली पदकं डाव्या छातीवर लावावीत.