घरात हालचालींचा आनुवंशिक आजार असेल, तर हातपाय थरथरायच्या आधी काही वेगळी लक्षणं दिसतात का?

दिसतात, पण आजाराचं नाव तुम्ही लिहिलेलं नाही आणि सगळं त्यावरच आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे. निदान न्यूरॉलॉजिस्ट करतात, पण व्यायाम चालू असताना घरचे जुनं बरंच बोलतात. "आधी काय झालं होतं?" विचारलं की थरथरीचं नाव सहसा पहिलं येत नाही.

विल्सनचा आजार घ्या. यात यकृताला तांबं बाहेर टाकता येत नाही, ते मेंदूतही साठतं. नात्यात लग्न झालेल्या घरांत, म्हणजे आपल्याकडे मामाच्या मुलीशी वगैरे, याचा धोका जास्त. एका आईने मुलाच्या वह्या दाखवल्या होत्या. जूनमधलं अक्षर टपोरं, दिवाळीनंतरचं बारीक आणि ओळ सोडून खाली घसरलेलं. शाळेत "आळशी" म्हणून बोलणी खाऊन झाली होती. जोडीला लाळ गळणं, बोलणं जड होणं, उगाच चिडणं. स्लिट लॅम्पखाली (डोळ्याचे डॉक्टर वापरतात ते दुर्बिणीसारखं यंत्र) कॉर्नियाच्या, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या, कडेला तपकिरी कडं दिसलं, तर शंका पक्की होत जाते.

दुसरा सेगावाचा आजार, यात मेंदूत डोपामिन हे रसायन कमी बनतं आणि स्नायू आखडतात. सकाळी नीट चालणारं मूल संध्याकाळी पाय आत वळवून, टाच उचलून चालतं आणि झोप झाली की पुन्हा ठीक! अशा मुलांवर सेरेब्रल पाल्सीचा (लहानपणी मेंदूला इजा झाल्याने येणाऱ्या अपंगत्वाचा) शिक्का बसतो, वर्षानुवर्षं नुसते व्यायाम चालतात. खरं तर लेव्होडोपा या औषधाच्या छोट्या डोसने ती चांगली सुधारतात. म्हणून "सकाळी कसा चालतो?" हे मी आता प्रत्येक आईला विचारते.

तिसरा हंटिंग्टनचा, मेंदूच्या पेशी हळूहळू झिजवणारा आजार. त्यात बहुतेकदा आधी स्वभाव बदलतो. बाहेर काढलेली जीभ स्थिर ठेवता येत नाही, हातातली पकड गाईची धार काढल्यासारखी घट्ट-सैल होत राहते. पेशंटला मात्र याचा पत्ताच नसतो.

तेव्हा आधी जुन्या फायलीत नाव शोधा. विल्सन असेल तर पेशंटच्या सख्ख्या भावंडांची तपासणी लक्षणं नसतानाही कराच. प्रत्येकाला 4 पैकी 1 शक्यता असते आणि औषध वेळेत सुरू झालं तर आजार वर येतच नाही. हंटिंग्टनला रोखणारं औषध अजून नाही. आई किंवा वडिलांना असेल तर शक्यता 50 टक्के. तिथे जनुक तपासायचं की नाही हे ज्याचं त्याने, सज्ञान झाल्यावर, समुपदेशन घेऊन ठरवावं. लक्षणं नसलेल्या लहान मुलांची ती चाचणी करू नका.