शाळेत उघड जातिभेद दिसत नाही, तरी काहीतरी चुकतंय असं वाटतं. एकटी शिक्षिका काय करू शकते?

मॅडम, तुम्ही लिहिलंय की पवित्र पोर्टलमधून, म्हणजे सरकारी शिक्षकभरतीतून, शिक्षणसेवक (सुरुवातीची वर्षं मानधनावर असलेली शिक्षिका) म्हणून सातारा जिल्ह्यात रुजू झालात. शाळा छोटी, सगळी पोरं एकाच तोटीला पाणी पितात, एकाच पंगतीत खिचडी खातात, जातीवरून कुणी कुणाला बोलत नाही. तरी काही पोरं कायम कडेलाच राहतात, आणि बोट कुठं ठेवावं ते कळत नाही.

मी याच जिल्ह्यात, बहुतेक कराड तालुक्यात, जिल्हा परिषद शाळांवर 24 वर्षं काढली. जातीनं मराठा. हे आधीच सांगतो, कारण पुढं जे लिहितोय त्यातलं बरंचसं माझंच केलेलं आहे.

मला बोट ठेवायची जागा सापडली ती बदली झाल्यावर. चार्ज द्यायला कपाट उपसलं, तेव्हा जयंती-पुण्यतिथीचं रजिस्टर हाताला लागलं. अध्यक्ष कोण, प्रतिमापूजन कुणी केलं, भाषणं कुणाची झाली आणि खाली माझी सही. सहज चाळत बसलो. सहा वर्षांत 19 फेब्रुवारीची भाषणं सगळी गावठाणातल्या पोरांची. 14 एप्रिल आणि 7 नोव्हेंबरची सगळी बौद्धवस्तीतल्या पोरांची. एकदाही अदलाबदल नाही. वरून कुणाचा आदेश नव्हता. "तुझ्या घरी माहिती असेल, तू बोल," असं म्हणत मीच वाटून टाकलेलं.

7 नोव्हेंबर म्हणजे काय ते साताऱ्यात निराळं सांगायला नको. 1900 साली त्या दिवशी भिवा रामजी आंबेडकर हे नाव राजवाड्याजवळच्या सरकारी शाळेच्या, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलच्या, रजिस्टरात चढलं. 2017 पासून राज्यात तो विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. त्या शाळेत काय सोसलं ते बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवलंय. बसायला वेगळं गोणपाट, आणि ते रोज संध्याकाळी घरी न्यायचं, कारण शाळा झाडणारा नोकर त्याला हात लावायचा नाही. तहान लागली तर तोटी स्वतः सोडायची नाही. शिपाई असला तर पाणी, नसला तर तसंच बसायचं.

ही गोष्ट मी दरवर्षी वस्तीतल्या एखाद्या पोराला उभं करून सांगायला लावत होतो. ज्यांच्या पणजोबांच्या काळी तोटी अडवली जायची, त्यांच्या घरातली पोरं मांडी घालून ऐकायची आणि टाळ्या वाजवायची. गोणपाटाची गोष्ट ज्यानं त्यानं आपापल्या घरची म्हणून सांभाळायची, बाकीच्यांनी पाहुण्यासारखी ऐकायची, असा तो कार्यक्रम होता. पुढच्या शाळेत मी चिठ्ठ्या टाकायला लागलो. ज्याच्या नावाची चिठ्ठी निघेल त्यानं बोलायचं, मग जयंती कुणाचीही असो. पहिल्या वर्षी एका आजोबांनी पारावर मला विचारलं, "आमच्या नातवाला हेच भाषण का दिलं, गुरुजी?" मी म्हटलं, चिठ्ठी निघाली. चिठ्ठीशी भांडता येत नाही.

झाडलोटीचंही तसंच करा. शिपाई नसतोच, पोरंच झाडतात. केरसुणी कुणाच्या हातात आणि घंटेचा टोल कुणाच्या हातात, एवढं एक आठवडा बघा. मुलींचंही तिथंच कळतं. हजेरी क्रमांकानं पाळ्या लावल्या की विषय संपला.

गणवेशाचं मात्र आठवलं की अजून मान खाली जाते. 2023 पर्यंत मोफत गणवेश सगळ्या मुलींना मिळायचा, आणि मुलग्यांत फक्त अनुसूचित जाती, जमाती आणि दारिद्र्यरेषेखालच्यांना. बाकीच्या मुलग्यांना तो त्या वर्षापासून मिळायला लागला. तोवर दर जूनला मी वर्गात यादी घेऊन उभा राहायचो आणि म्हणायचो, "एससीवाले उभे राहा." माप घ्यायचं म्हणून. पोरं उभी राहायची, बाकीची वळून बघायची. आणि बसलेल्यांत एखादा भूमिहीन मराठ्याचा, नाहीतर कुंभाराचा पोरगा असायचा, विरलेल्या शर्टातला. त्यानं विचारलं, "सर, मला का नाही?" तर मी म्हणायचो, "सरकारला विचार." उभं राहिलेल्याला लाज आणि बसलेल्याला राग, दोन्ही एकाच सकाळी मी पेरत होतो. पुढं तीच पोरं आरक्षणावर कॉलेजात भांडतात तेव्हा आपण कपाळाला हात लावतो. आता गणवेश सगळ्यांना आहे, पण शिष्यवृत्तीचे फॉर्म आणि दाखले आहेतच. ते काम पालकांशी ऑफिसात बसून करा, नाहीतर फोनवर. वर्गात जातीचं नाव घेऊन हाक मारायची नाही म्हणजे नाही.

खिचडीचं सांगतो. एका शाळेत स्वयंपाकाला मातंग समाजातल्या ताई लागल्या आणि पंधरा दिवसांत पाच पोरं घरून डबा आणायला लागली. कारण काय, तर "तिखट लागतं." मी घरोघरी गेलो. चहा मिळाला, हसून बोलले, डबे सुरूच. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 मध्ये याच तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, साताऱ्याच्या बोर्डिंगात सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला बसवली, वगैरे मी पालकसभेत बोललो. सगळ्यांनी माना डोलावल्या. दुसऱ्या दिवशी पाच डबे.

मग नियम आठवला. आहार वाटण्याआधी चव घ्यायची आणि चव नोंदवहीत सही करायची. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत 75 टक्के पालक असतात, निम्म्या सदस्य बायका. मी समितीच्या नावांची पाळी लावून तक्ता भिंतीवर चिकटवला. ज्याला जमलं नाही त्याचं नाव दुसऱ्या दिवशी पुन्हा. कुणाचा गुरुवार, कुणाची एकादशी. एका सदस्याला तर एका महिन्यात तीन चतुर्थ्या आल्या. शेवटी एक बाई आल्या, दोन घास खाल्ले, म्हणाल्या, "मीठ कमी आहे," आणि तसं वहीत लिहिलं. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! तक्रार मिठाची होती, हाताची नव्हती. दिवाळीपर्यंत पाचातले दोन डबे थांबले. तीन मी तिथून निघेपर्यंत थांबले नाहीत.

आता जे सगळ्यात अवघड, ते. 2023 च्या शेवटी मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा आम्ही शाळांची जुनी जनरल रजिस्टरं रात्री दिवे लावून चाळली. मोडी वाचणारी माणसं शोधली. मीही माझ्या पणजोबाचं नाव बघितलं, खोटं कशाला बोलू. तेव्हा माझ्याच शाळेत गावाबाहेरच्या पालातला एक डोंबाऱ्याचा पोरगा होता. त्याच्या जातीच्या दाखल्याला 1961 च्या आधीचा पुरावा लागत होता. आजोबा शाळेत गेलेले नाहीत, जमीन नाही, मग नाव कुठल्या रजिस्टरात असणार? त्याच्यासाठी आम्ही एकही रात्र दिवा लावला नव्हता. पणजोबाचं नाव कपाटात असणं हीसुद्धा इस्टेट आहे, हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. अशा पोरांना गृहचौकशीवर, म्हणजे राहत्या जागी येऊन केलेल्या चौकशीवर, दाखला मिळू शकतो. पण त्यासाठी कुणीतरी तहसीलला चार खेपा घालाव्या लागतात, आणि रोजावर जाणाऱ्या बापाला त्या परवडत नाहीत. मी सहा घातल्या. दाखला आला तोवर ते पाल उठून गेलं होतं.

तुमच्यापुरतं सांगायचं तर पहिल्या वर्षी मुख्याध्यापकांशी वाद घालू नका, शिक्षणसेवकाचं कुणी ऐकत नाही. पोषण आहार, जयंत्या, दाखले ही कामं जुन्या माणसांना नकोशी असतात, नव्या माणसाच्या गळ्यात मारतात. तुमच्याकडं ती आली तर नको म्हणू नका.