रात्री धाकट्याला कडेवर कुणी घेतलं?

‘ताई, दहा वर्षं एका बाईक क्लबात आहे. गेल्या महिन्यात पहिल्यांदाच बायकोला आणि मुलांना (वयं ९ आणि ३) कॅम्पला नेलं. रात्री साडेअकराला कुणीतरी गाडी सुरू करून जोरात रेस दिली. धाकटा दचकून उठला आणि तासभर रडत होता. आता क्लबात कुरबुर सुरू आहे, “ही काय पिकनिक आहे का?” आणि बायको म्हणते, पुन्हा येणार नाही. क्लब सोडू का?’
– कात्रीत सापडलेला

क्लब सोडू नका. पण तुमचं पत्र वाचताना मी एका प्रश्नावर अडले. तो तासभर धाकट्याला कडेवर घेऊन कोण फिरत होतं? तुम्ही लिहिलेलं नाही, म्हणून अंदाज बांधते: तुम्ही शेकोटीपाशी मित्रांची समजूत काढत होतात, आणि बायको अंधारात तंबूच्या दोऱ्यांना ठेचकाळत फेऱ्या मारत होती. घरी करते तेच काम, फक्त नळ लांब. अशा सुट्टीला दुसऱ्यांदा कोण येईल हो?

तेव्हा पुढच्या कॅम्पला मुलांची रात्रपाळी तुमची. पहाटेचीही.

मित्रांवर मात्र मी रागावणार नाही. दोन दिवस मोकळेपणी ओरडावं, चार शिव्या हासडाव्यात, यात काय चुकलं? त्यांना न विचारता त्यांच्या सुट्टीत घरची मंडळी आली, ही त्यांची खरी तक्रार असावी. मग वर्षाच्या सुरुवातीलाच ठरवून टाका: इतके कॅम्प सहकुटुंब, बाकीचे फक्त रायडर्सचे. ज्याला पोरांचा गलका नको, तो त्या वेळी येणार नाही, आणि कुणी त्याला टोमणे मारायचे नाहीत. सहकुटुंब कॅम्पला रात्री दहानंतर इंजिन बंद. ज्यानं प्यायली, त्यानं किल्लीला हात लावायचा नाही.

गाड्या मैदानाच्या एका टोकाला, तंबू दुसऱ्या टोकाला. गाडी बंद केल्यावरही सायलेन्सर बराच वेळ चटका देतो, आणि तो असतो नेमका तीन वर्षांच्या पोराच्या हाताच्या उंचीवर. भाजलंच तर 20 मिनिटं गार वाहत्या पाण्याखाली हात धरा. टूथपेस्ट नको, बर्फही नको. थंडी वाजली म्हणून निखाऱ्यांची शेगडी तंबूत नेऊ नका. त्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वासच नसतो, झोपेतल्या माणसाला कळतही नाही.

थोरलीला पाहुणी म्हणून नेऊ नका, काम द्या. मऊ मातीत साईड स्टँड रुततो आणि भलीमोठी गाडी रात्रीतून आडवी होते, हे तुम्हाला मी काय सांगणार! फळीचे तुकडे तिच्याकडे सोपवा. गाड्या लागल्या, इंजिनं निवली, की तुम्ही सोबत राहा, प्रत्येक रायडरला गाडी सरळ धरायला सांगा आणि तिला स्टँडखाली फळी सरकवू द्या. कुरबुरणाऱ्यांच्या गाड्यांपासून सुरुवात करा.

आता प्रवासाचं. धाकट्याचे पाय फूटरेस्टला पोचत नाहीत, त्याच्या डोक्याला नीट बसेल असं हेल्मेट मिळणंही कठीण; तो कारमध्ये, लहान मुलांच्या सीटवर, पट्टा लावून. मागच्या वेळी ती कार बायकोनं चालवली असणार, मागच्या सीटवरची भांडणं सोडवत, तुमच्या ताफ्याची धूळ खात. या वेळी तुम्ही चालवा. क्लबाच्या कॅम्पला चार चाकांवर पोचायची लाज वाटेल, जाणून आहे. वाटू दे.

आणि बायकोला ‘येशील का?’ असं विचारू नका. ‘मुलं माझ्याकडे, कार माझ्याकडे, तू बाईक घेतेस, की एखाद्या मैत्रिणीच्या मागे बसतेस?’ असं विचारा. तरीही ती नाही म्हणाली, तर मनवत बसू नका. त्या वेळी एकटे जा, आणि रविवारी दुपारच्या आत घरी या.